वेदीवरील कोंकरूं : बलिदानानें तारण ह्या श्रद्धेचा थोडा इतिहास

ज्युबिलीच्या वर्षीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे मंदिराचा पाया केव्हां घातला, घंटा कोठून आणली, कोणत्या फादरांच्या कारकीर्दींत शाळा निघाली, ह्या गोष्टी प्रथम पुढें येतात. आणि त्या याव्या हें योग्यच आहे. परंतु ज्या वेदीसाठीं ह्या भिंती उभ्या राहिल्या, त्या वेदीवर जें घडतें त्याचा इतिहास कोणत्याही मंदिराच्या पायाहून फार जुना आहे, आणि तो आपल्यांतील पुष्कळांच्या कानावरूनही गेलेला नसतो. प्रभु येशूनें आपलें बलिदान करून आपलें तारण केलें, हें आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत लहानपणींच पाठ करतों. आणि पाठ झालेल्या गोष्टीविषयीं मनुष्य सहसा विचार करीत नाहीं.

मलाही तो करावा लागला नसता. पण कांहीं वर्षांपूर्वीं शुभ शुक्रवारचा विधि पाहावयास माझे एक हिंदु स्नेही आले होते. मोठे विचारी गृहस्थ. क्रुसाला वंदन करणाऱ्या लोकांची रांग त्यांनीं शेवटपर्यंत पाहिली, आणि घरीं परततांना मला विचारलें, “तुमचा देव दयाळू म्हणतां, मग क्षमा करावयाला त्याला मुलाचें रक्त कां लागलें? सावकाराच्या मनांत कर्ज सोडावयाचें आलें तर तो खत फाडून टाकतो. त्यासाठीं आपल्या पोराला फांशीं देत नाहीं.” त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें शोधूं लागलों तेव्हां कळलें कीं, हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हे. ख्रिस्तसभेंतील मोठमोठ्या आचार्यांनीं तोच प्रश्न एकमेकांस विचारलेला आहे.

आरंभ मिसर देशांत करावा लागतो. निर्गमाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत इस्राएल लोकांना जी आज्ञा झाली ती अशी : दर घरामागें एक वर्षाचें, निर्दोष असें कोंकरूं घ्यावें, संध्याकाळीं तें मारावें, एजोबाच्या जुडीनें त्याचें रक्त दाराच्या दोन्ही बाजूंस व कपाळपट्टीवर लावावें, मांस त्याच रात्रीं विस्तवावर भाजून खावें, आणि त्याचें एकही हाड मोडूं नये. कमरा बांधून, पायांत जोडे घालून, हातांत काठी घेऊन, म्हणजे निघण्याच्या तयारींत जेवावयाचें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हें कोंकरूं मारलें तें कोणा रागावलेल्या देवतेची समजूत घालण्यासाठीं नव्हे. गुलामांच्या सुटकेची ती रात्र होती, आणि दारावरील रक्त ही त्या घरांतील माणसें कोणाचीं आहेत हें सांगणारी खूण होती. वल्हांडणाचा हा विधि शोमरोनी लोकांची लहानशी जमात गरीझीम डोंगरावर आजही कोंकरें मारून पाळते.

त्याहूनही जुनी कथा अब्राहामाची. मोरिया डोंगरावर बाप मुलाच्या मानेवर सुरी धरतो, आणि देव त्याचा हात थांबवून झुडपांत शिंगें अडकलेला एडका दाखवितो. त्या काळच्या आसपासच्या राष्ट्रांत पोटचीं मुलें दैवतांना वाहण्याची चाल होती. त्या चालीस अब्राहामाच्या देवानें नकार दिला, असा ह्या कथेचा एक अर्थ पुष्कळ विद्वान् लावतात, आणि मला तो सयुक्तिक वाटतो. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकांत त्याच मोरिया डोंगरावर शलमोनानें मंदिर बांधल्याचें लिहिलें आहे. तेथें सकाळ-संध्याकाळ कोंकरूं अर्पण होई. वर्षांतून एकदां, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, मुख्य याजक एकटाच परमपवित्र स्थानांत रक्त घेऊन शिरे, आणि सर्व लोकांचीं पापें एका बोकडाच्या माथ्यावर ठेवून त्याला रानांत सोडून देत.

परंतु ह्या सर्व धुरामध्यें संदेष्ट्यांचा आवाज मोठा आहे. आमोस, होशेय, मीखा, यशया ह्या सर्वांनीं, गरिबाला लुबाडून वेदीवर पशु वाहणाऱ्यांची हजेरी घेतली आहे. देवाला बैलांच्या चरबीपेक्षां न्याय व दया हवी, असें त्यांचें सांगणें. मंदिरांतला याजक आणि मंदिराबाहेरचा संदेष्टा ह्यांचें हें भांडण कधींच पुरतें मिटलें नाहीं. मात्र यशयाच्या पुस्तकाच्या त्रेपन्नाव्या अध्यायांत एक विलक्षण माणूस दिसतो, जो स्वतः अपराधी नसून इतरांचे अपराध वाहतो आणि कापावयास नेलेल्या कोंकराप्रमाणें तोंड उघडीत नाहीं. येथें प्रथमच बळी आणि मनुष्य एक झाले. पशूला कांहीं कळत नाहीं. हा मनुष्य मात्र जाणूनबुजून जातो.

प्रभु येशूचा शेवटला सप्ताह वल्हांडणाच्या दिवसांतला, हें चारही शुभवर्तमानकार सांगतात. योहानाच्या शुभवर्तमानाचा हिशेब असा कीं, ज्या दुपारीं मंदिरांत सणाचीं कोंकरें मारली जात होतीं, त्याच दुपारीं शहराबाहेर तो क्रुसावर प्राण सोडीत होता. आणि शिपायांनीं त्याचीं हाडें मोडलीं नाहींत हेंही योहान मुद्दाम नमूद करतो. आदल्या रात्रीं भाकर व प्याला हातीं घेऊन त्यानें स्वतःच आपल्या मरणाचा अर्थ सांगून ठेवला होता. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. पिलातानें मारलें, शिपायांनीं मारलें, हें खरें. परंतु त्याआधीं जेवणाच्या पंक्तींत त्यानें आपण होऊन स्वतःला देऊन टाकलें होतें. दिलेली वस्तु कोणी हिसकावून घेऊं शकत नाहीं.

पुढें इ. स. ७० मध्यें तीतसाच्या रोमी सैन्यानें यरुशलेमाचें मंदिर जाळलें. यहुदी लोकांत पशुयज्ञ तेथेंच संपला. त्यांच्या शास्त्र्यांनीं प्रार्थना, दानधर्म व पश्चात्ताप ह्यांवर आपला धर्म पुन्हां उभा केला. इब्री लोकांस लिहिलेलें जें पत्र आपण वाचतों त्याचा लेखक कोण, हें ओरिगेन ह्या तिसऱ्या शतकांतील पंडितालाही निश्चित सांगतां आलें नाहीं. पण त्यांतला मुद्दा सूर्यप्रकाशासारखा स्पष्ट आहे. मंदिरांतील याजक दररोज उभा राहून तेंच तें अर्पण करी, कारण त्यानें काम पुरें होत नसे. ख्रिस्तानें एकदांच स्वतःला अर्पिलें आणि तो बसला. जुन्या यज्ञांत देणारा मनुष्य आणि घेणारा देव. येथें देणारा देवच. माझ्या स्नेह्याच्या प्रश्नांतील सावकार येथेंच अदृश्य होऊं लागतो, परंतु मला तें कळावयाला पुढील शतकें चाळावीं लागलीं.

कारण तारण झालें हें सर्वांनीं मानलें; तें कसें झालें ह्याविषयीं मात्र मतें पडलीं. प्रभूनें आपला प्राण खंडणी म्हणून दिला असें शुभवर्तमानांत आहे. खंडणी म्हटली कीं घेणारा कोण हें आलेंच. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनीं गुलामांचा बाजार रोज पाहिलेला. तेव्हां मनुष्य सैतानाच्या कैदेंत पडला होता व देवानें त्याला किंमत देऊन सोडविलें, ही कल्पना त्यांना सहज पटली. निस्साचा ग्रेगरी तर म्हणतो कीं, ख्रिस्ताचें मनुष्यपण हें आमिष, देवपण हा गळ. सैतानानें आमिष गिळलें आणि गळाला लागला. किनाऱ्यावरच्या आपल्या मच्छीमार बांधवांना हा दृष्टांत आवडेल; पण सैतानाला ठकविणारा देव ही कल्पना सर्वांनाच रुचली नाहीं.

त्याचाच मित्र नाझियान्झचा ग्रेगरी. हा कांहीं काळ कॉन्स्टंटिनोपलचा बिशप होता. आपल्या एका पास्काच्या प्रवचनांत त्यानें सरळ विचारलें : हें रक्त कोणाला दिलें? दुष्टाला म्हणावें, तर लुटारूनें देवाकडून देवालाच मोबदला घ्यावा ही लाजिरवाणी गोष्ट! पित्याला म्हणावें, तर आपण पित्याच्या कैदेंत होतों केव्हां? आणि अब्राहामानें इसहाकाला वाहिलें असतां ज्यानें तो बळी घेतला नाहीं, त्याला स्वतःच्या एकुलत्या पुत्राच्या रक्तानें आनंद कसा व्हावा? पुढें तो म्हणतो तें थोडक्यांत असें कीं, पित्यानें तें अर्पण स्वीकारलें, परंतु मागितलें नाहीं आणि त्याला त्याची गरजही नव्हती; मनुष्याला मनुष्यपणाच्याच मार्गानें पवित्र करावें, एवढ्यासाठीं तें झालें. हें प्रवचन चवथ्या शतकांतलें. माझ्या स्नेह्याचा प्रश्न सोळाशें वर्षांपूर्वींच एका बिशपनें वेदीजवळ उभें राहून विचारला होता, हें वाचून मला प्रथम ओशाळल्यासारखें झालें, आणि मग हायसें वाटलें.

सातव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिले सर्जियस ह्यांनीं भाकर मोडतांना ‘देवाच्या कोंकरा’ ही विनवणी मिस्सेंत म्हणण्याचा प्रघात घातला. सर्जियस हे मूळ सिरियांतील घराण्याचे. गंमत अशी कीं, थोड्याच दिवसांपूर्वीं, इ. स. ६९२ मध्यें, पूर्वेकडील एका परिषदेनें ख्रिस्ताचें चित्र कोंकराच्या रूपांत काढूं नये असा नियम केला होता. आपण आज ती विनवणी तीनदां म्हणतों तिच्यामागें हा सारा इतिहास उभा आहे.

आतां अन्सेल्मकडे वळूं. आल्प्स पर्वतांतील आओस्ता येथें १०३३ मध्यें जन्मलेला हा संन्यासी १०९३ मध्यें कँटरबरीचा आर्चबिशप झाला, राजा दुसऱ्या विल्यमशीं त्याचें पटलें नाहीं, १०९७ मध्यें त्यानें इंग्लंड सोडलें, आणि दुसऱ्या वर्षीं इटलींत कापुआजवळच्या एका डोंगराळ गांवीं ‘देव मनुष्य कां झाला’ ह्या विषयावरचा आपला ग्रंथ पुरा केला. ग्रंथ संवादरूप आहे. प्रश्न विचारणारा बोसो नांवाचा शिष्य आहे, आणि तो गुरूला मुळींच सोडीत नाहीं. निरपराध्याला पाप्यासाठीं मरूं देणें हा कसला न्याय, असें तो रोखठोक विचारतो. अन्सेल्मचें उत्तर त्याच्या काळाच्या भाषेंत आहे. त्या काळीं जहागीरदाराचा मान हा सर्व समाजव्यवस्थेचा खांब होता. पाप म्हणजे देवाला देणें असलेला मान न देणें; हें ऋण मनुष्यानें केलें म्हणून मनुष्यानेंच फेडावयाचें, पण फेडण्याची ऐपत एका देवाचीच; म्हणून देव-मनुष्य पाहिजे. सैतानाचा येथें कांहींच हक्क राहिला नाहीं, हा अन्सेल्मचा मोठा पराक्रम. शिवाय, पित्यानें पुत्रावर सक्ति केली नाहीं, पुत्रानें स्वखुषीनें प्राण दिला, हें तो पुनःपुन्हां बजावून सांगतो. आणि देवाच्या मानाला वास्तविक कोणी धक्का लावूं शकत नाहीं, बिघडतें तें जगाचें सौंदर्य व सुव्यवस्था, हेंही सांगतो.

मग लोकांच्या मनांत राहिलें काय? रागावलेला सावकार. ह्याचा दोष अन्सेल्मपेक्षां त्याच्या नांवानें उपदेश करणाऱ्यांवर अधिक आहे, असें माझें मत आहे. पुढील काळांत, विशेषेंकरून सुधारणायुगानंतर, पित्याचा क्रोध पुत्रावर कोसळला, आपली शिक्षा त्यानें भोगली, असें बोलण्याची रीत पडली. आणि आपल्याही मंदिरांतील प्रायश्चित्तकाळांतील प्रवचनांत ती कांहीं कमी ऐकूं येत नाहीं. अशा उपदेशानें भोळीं माणसें पित्याला भितात आणि पुत्राच्या आड लपतात, जणूं काय ते दोघे दोन पक्षांचे आहेत!

अन्सेल्मनंतर लौकरच पॅरिसचा आबेलार्द ह्यानें दुसरी बाजू मांडली : क्रूस पाहून आपल्या ठायीं प्रेम पेटतें, आणि त्या प्रेमांतच आपली सुटका आहे. त्याच्या मतांवर सांस येथील धर्मपरिषदेनें ठपका ठेवला. तरी हा विचार टाकाऊ नव्हता. संत थॉमस अक्विनासनें तेराव्या शतकांत दोघांनाही जागा करून दिली. देवाच्या मनांत असतें तर दुःखसहनावांचूनही क्षमा करतां आली असती, हें थॉमस साफ कबूल करतो. तथापि हा मार्ग मनुष्याला अधिक अनुरूप होता. कारण त्यामुळें देवाचें प्रेम किती हें कळतें, आज्ञापालनाचा व नम्रतेचा धडा मिळतो, आणि मनुष्याकडूनच सैतानाचा पराभव होऊन मनुष्याचा मान राहतो. भरपाई कशी झाली हेंही तो सांगतो : दुखावलेल्याला अपराधाचा जितका तिटकारा आला, त्याहून अधिक प्रिय असें कांहीं त्याच्यापुढें ठेवणें ही खरी भरपाई. पित्याला प्रिय झाली ती पुत्राची वेदना नव्हे. त्या वेदनेंतही न विझलेलें प्रेम हें प्रिय झालें.

ह्यानंतर १७ सप्टेंबर १५६२ रोजीं त्रेंत परिषदेच्या बाविसाव्या बैठकींत मिस्साबलीविषयीं निर्णय झाला. क्रुसावरचा याजक व बळी आणि वेदीवरचा याजक व बळी एकच. अर्पिण्याची रीत तेवढी वेगळी, तेथें रक्त सांडलें, येथें सांडत नाहीं. म्हणजे आपल्या वेदीवर दररोज नवा बळी पडतो असें नव्हे. एकदांच झालेल्या अर्पणांत आपल्याला दररोज हजर राहावयास मिळतें.

त्रेंत परिषद संपून सोळा वर्षें झालीं नाहींत तोंच थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज जेज्वीट २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्याच्या बंदरांत उतरला. त्याच्या मायदेशीं त्या वेळीं मिस्सेला मनाई होती. त्याचा जिवलग सोबती थॉमस पाउंड धर्मासाठीं तुरुंगांत पडला होता आणि एकंदर सुमारें तीस वर्षें तेथेंच राहिला. १५८१ मध्यें एडमंड कँपियन ह्या जेज्वीट पाद्र्याला लंडनमध्यें फांशीं दिलें गेलें. बलिदान हा शब्द स्टीफन्सला पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता. साष्टींतही त्यानें रक्त पाहिलें. १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें रुडॉल्फ आक्वाविवा व त्याचे चार जेज्वीट सोबती मारले गेले, आणि त्यांचीं प्रेतें परत मिळविण्याच्या खटपटींत स्टीफन्स होता. सत्य सांगावयाचें तर संपूर्ण सांगावें : त्याआधीं त्या लोकांचीं देवळें पाडण्यांत आलीं होतीं, आणि त्यानंतर कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांना बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें. त्या पाद्र्यांची आपण धन्यवादित म्हणून स्मृति करतों. त्या गांवकऱ्यांसाठींही वेदीपुढें दोन शब्द निघाले तर तें वेदीच्या धन्याला अप्रिय होणार नाहीं.

ह्याच स्टीफन्सनें नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागीं वाचावयास मराठींत एक पुराण रचलें. १६१६ मध्यें तें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ असे अध्याय, आणि ओव्या सुमारें अकरा हजार. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. ह्यांत शब्दांची नुसती उसनवारी आहे असें मला वाटत नाहीं. कोंकणांतील श्रोत्याला यज्ञ, होम, नवस, बळी हे शब्द नवे नव्हते. कोंबडें-बकरें कापून ग्रामदेवतेला शांत करणें हेंही ठाऊक होतें. नवें होतें तें एवढेंच कीं, येथें भक्तानें देवाला कांहीं द्यावयाचें नसून देवानें भक्ताला स्वतःला दिलें आहे. हें उलटें फिरलेलें दान ओळखीच्या शब्दांत सांगणें किती अवघड असलें पाहिजे! त्यानें नेमक्या पुराणाचाच सांचा कां घेतला हें त्यावरून कळतें. कारण पुराणांत देव मनुष्यांत उतरतो, आणि ऐकणारा तें ऐकण्यास तयार होऊन बसलेला असतो. १९०७ मध्यें जोसेफ सालढाणा ह्यांनीं मंगळूर येथें हें पुराण पुन्हां छापलें, तेव्हां कोठें तें विद्वानांच्या हातीं पडलें.

स्टीफन्सच्याच काळांत वसईचा एक मुलगा ह्या श्रद्धेला आपल्या देहानें उत्तर देत होता. संत गोन्सालो गार्सिया वसईस जन्मला, बाप पोर्तुगीज, आई येथली. जेज्वीट पाद्र्यांबरोबर पंधरा वर्षांचा असतां तो जपानास गेला, भाषा शिकला, पुढें व्यापार केला, आणि मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून शिरला. १५९३ मध्यें पेद्रो बाउतिस्ता ह्यांचा दुभाषी होऊन तो जपानास परतला. हिदेयोशीच्या हुकुमानें १५९६ च्या अखेरीस त्यांना पकडलें. क्योतो शहरांत डाव्या कानाचे तुकडे कापून त्यांची धिंड काढली, भर हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंत नेलें, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनीं भोंसकलें. त्यांत वीस जपानी होते. १६२७ मध्यें त्याला धन्यवादित व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं संत म्हणून जाहीर केलें.

गोन्सालोनें कोणाचें तारण केलें काय? नाहीं. तें एकट्या ख्रिस्ताचें काम. रक्तसाक्षी नवी खंडणी भरीत नाहींत. ते त्याच अर्पणांत आपला वांटा उचलतात, आणि पौलानेंही आपल्या दुःखांविषयीं असेंच लिहिलें आहे. व्यापाराच्या पेढीवर सुखानें राहतां आलें असतें अशा माणसानें दुभाष्याचें काम पत्करलें, एवढीच त्याच्या अर्पणाची सुरुवात होती.

अगदीं अलीकडची एक गोष्ट सांगून थांबतों. कारण माझ्या स्नेह्याला मीं शेवटीं हीच सांगितली. १९४१ च्या जुलैमध्यें औशविट्झच्या छळछावणींतून एक कैदी पळाला. त्याबद्दल दहा जणांना उपाशी मारण्यासाठीं निवडलें. त्यांतला फ्रान्सिसेक गायोव्निचेक हा बायकामुलांच्या आठवणीनें ओरडला. तेव्हां रांगेंतून मॅक्सिमिलियन कोल्बे नांवाचा फ्रान्सिस्कन पाद्री पुढें आला व त्याच्या जागीं आपणाला घ्या म्हणाला. दोन आठवडे अन्नपाण्यावांचून काढून, अखेर विषाची सुई टोंचल्यावर, १४ ऑगस्ट १९४१ रोजीं तो वारला. १९७१ मध्यें पोप सहावे पॉल ह्यांनीं त्याला धन्यवादित म्हटलें तें रक्तसाक्षी म्हणून नव्हे. कारण तो श्रद्धा सोडीत नाहीं म्हणून मारला गेला नव्हता, दुसऱ्यासाठीं मेला होता. १० ऑक्टोबर १९८२ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं मात्र त्याला रक्तसाक्षी म्हणूनच संतपद दिलें. ज्याच्यासाठीं तो मेला तो गायोव्निचेक त्या दिवशीं रोममध्यें हजर होता.

माझे स्नेही बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “तो गृहस्थ पुढें किती वर्षें जगला?”

१९९५ पर्यंत, मीं सांगितलें. जवळजवळ चौपन्न वर्षें.